रिचर्डचा कणा आणि आपली नजर

मराठीत स्वाभिमानी माणसाला आपण ताठ कण्याचा म्हणतो आणि लाचार माणसाला कणाच नाही म्हणून हिणवतो. रूपक म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याचा कणा खरोखरीच वाकलेला आहे, त्याने या भाषेत स्वतःसाठी कोणता शब्द शोधावा, हा प्रश्न साहित्याने फार क्वचित विचारला आहे. उलट, शरीराचा बाक हा मनाच्या बाकाचा पुरावा मानण्याची सवयच साहित्याने आपल्याला लावली. रामायणातील मंथरा कुबडी आहे आणि तिची मसलतही वाकडी आहे. युरोपीय साहित्यात या सवयीचे सर्वांत बलशाली उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचे ‘तिसरा रिचर्ड’ हे नाटक.

१५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकाच्या आरंभीच रिचर्ड रंगमंचावर एकटा येतो आणि आपल्या बेढब देहाचे वर्णन करतो. प्रेमाच्या खेळासाठी आपण घडलेलो नाही, तेव्हा खलपुरुष व्हायचे ठरवले आहे, असे तो सांगतो. त्याचे वक्तृत्व इतके मोहक आहे की प्रेक्षक हे कारण विनातक्रार स्वीकारतो. पुढे तो जे जे करतो, त्याचे मूळ त्याच्या पाठीत आहे अशी आपली समजूत होऊन बसते.

हे चित्र शेक्सपिअरने शून्यातून निर्माण केले नाही. त्याच्या आधी सुमारे ऐंशी वर्षे थॉमस मोर यांनी रिचर्डचा इतिहास लिहिला होता. १९३५ साली संतपदाला पोहोचलेले, सद्सद्विवेकासाठी प्राण देणारे मोर ते हेच. त्यांनी रिचर्डला कुबडा म्हटले, त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पुष्कळ वर असल्याचे लिहिले आणि एक हात जन्मतःच वाळलेला असल्याचेही नोंदवले. रिचर्ड मेला तेव्हा मोर सात वर्षांचे होते, आणि पुढे ज्यांच्या घरी ते वाढले, ते मॉर्टन रिचर्डचे कट्टर विरोधक होते. संताची लेखणीही ऐकीव गोष्टींपासून मुक्त नसते, हे आपण नम्रपणे मान्य करावे.

२०१२ साली लेस्टर शहरात, फ्रान्सिस्कन मठाच्या जुन्या जागेवर, एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला. खड्डा घाईने खणलेला व देहाला अपुरा होता, शवपेटी नव्हती. १४८५ साली बॉसवर्थच्या रणांगणावर बत्तिसाव्या वर्षी पडलेल्या या राजाच्या मणक्यांनी मोर आणि शेक्सपिअर या दोघांनाही उत्तर दिले. कणा वाकलेला होता, यात संशय नाही. वैद्यकात ज्याला स्कोलिओसिस म्हणतात, तो हा विकार. वाक ६५ ते ८५ अंशांचा, म्हणजे तीव्र होता. परंतु कणा पुढे झुकून कुबड आलेले नव्हते. तो कडेला वळून पिळला गेला होता. वर असलेला खांदा उजवा होता, तोही थोडासाच. दोन्ही हात धड होते. चांगला शिंपी आणि मापाचे चिलखत यांनी हे व्यंग बव्हंशी झाकले जाई, असे संशोधकांनी २०१४ साली लिहिले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की हा वाक जन्मजात नव्हता. तो बहुधा दहाव्या वर्षानंतर, वाढीच्या वयात आला. म्हणजे बाळ रिचर्ड सरळ पाठीचाच होता. नियतीने जन्मापासून खूण करून पाठवलेला दुष्ट, ही नाटकाची मूळ कल्पनाच येथे ढासळते.

शेक्सपिअरचा इतिहास चुकला म्हणून नाटक हीन ठरत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. या नाटकात देह आहे, परंतु देहाचा काळ नाही. स्कोलिओसिस ही एका दिवसाची घटना नसून आयुष्यभराची सोबत असते. किशोरवयात एका खांद्यावरून सदरा घसरतो आणि आईच्या लक्षात येते. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा वाकून बसण्याने हा वाक येत नाही. तरीही घराघरांत मुलीलाच दोष दिला जातो. वाक वाढता असेल तर गणवेशाखाली दिवसाचे अनेक तास घट्ट ब्रेस घालावा लागतो, तोही वाढ पुरी होईतो. वाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोठा वाक वाढ थांबल्यावरही वर्षाला अंशभर पुढे सरकू शकतो, आणि फार तीव्र झाला तर श्वासाला जागा कमी पडते. उपचार न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेणारा एक अमेरिकन अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाठदुखी इतरांपेक्षा अधिक आढळली, परंतु बहुतेकांनी कामधंदा व संसार नीट केल्याचेही दिसले. व्यायाम, विश्रांती, बेताने ओझे उचलणे, कपड्यांची बेतशीर शिलाई, या रोजच्या लहान तडजोडींतून ते आयुष्य उभे राहते. रिचर्डही रोज सकाळी असाच कपडे चढवीत असणार. नाटकात ती सकाळ नाही.

तथापि शेक्सपिअरला एक श्रेय द्यावे लागेल. तिसऱ्या अंकात रिचर्ड आपला वाळलेला हात दाखवून चेटूक झाल्याचा आरोप करतो आणि त्या निमित्ताने हेस्टिंग्जचा शिरच्छेद करवतो. येथे नाटककार नकळत आपलेच गुपित फोडतो. देह हे दुष्टपणाचे कारण नाही. दुष्ट माणूस देहाची सबब करतो. आरंभीचे स्वगतही याच प्रकाशात वाचले पाहिजे.

व्हिक्टर ह्यूगोने १८३१ साली क्वासिमोदो निर्माण करून या परंपरेची बाजू उलटवली. वाकड्या देहात सुंदर आत्मा. परंतु ह्यूगोचा कुबडाही खूणच राहिला. एकाचा तिरस्कार करायचा, दुसऱ्याची कीव करायची. त्याच्याशी साधे बोलायला कोणी तयार नाही.

आपल्या व्यासपीठावरही ही सवय शिरली आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी सभास्थानात येते. सैतानाने तिला बांधले होते, असे तेथे म्हटले आहे, आणि त्यावरून ती पापाने वाकलेल्या आत्म्याचे प्रतीक असल्याची प्रवचने आपण ऐकली आहेत. परंतु प्रभू येशूने तिच्या पापाची चौकशी केली नाही. तिला अब्राहामाची कन्या म्हटले. जन्मांधाविषयी शिष्यांनी कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हाही त्याने तो हिशेबच नाकारला.

आणि ज्यांचा कणा सरळ होत नाही त्यांचे काय? इटलीतील संत मार्गारेट ही अंध आणि वाकलेल्या कण्याची होती. चमत्काराच्या आशेने आईवडिलांनी तिला कास्तेल्लोला नेले. चमत्कार झाला नाही, म्हणून ते तिला तेथेच टाकून गेले. गरिबांच्या घरी आसरा घेत, दोमिनिकन संघाची सदस्य होऊन, ती इतरांची सेवा करत राहिली आणि १३२० साली वारली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद दिले. तिच्या कथेतील खरे व्यंग कण्यात नव्हते, सोडून जाणाऱ्यांच्या धीरात होते.

२३ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या दोमिनिकन चर्चमध्ये कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी रिचर्डच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली. तीन दिवसांनी तेथील अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या हातून काय घडले याचा निवाडा प्रभूकडे आहे. पाठीचा निवाडा मात्र कधीच व्हायला नको होता.

आपल्याकडे मुलीची सोयरीक ठरताना पाठ अजूनही लपवली जाते. नाताळच्या नाटकात हेरोदाच्या झग्याखाली अजूनही उशी बांधली जाते. ती उशी काढावी, एवढीच दिग्दर्शकांना विनंती. हेरोद तिच्यावाचूनही पुरेसा दुष्ट आहे. आणि आपल्या लेखकांनी ब्रेसच्या पट्ट्याखाली घामेजलेली ती मुलगी लिहावी, कशाचीही खूण म्हणून नव्हे, कोणाची तरी लेक म्हणून.