आगरदांड्याचा मतदार आणि दाभाडीचा प्रबंध

कोणतीही निवडणूक आटोपली की कोकणच्या मतदारावर लेख लिहिण्याचा एक हंगाम सुरू होतो. त्या लेखांतील सिद्धान्त ठरलेला असतो. हा मतदार जुन्या वळणाचा. तो घराणे पाहतो, जात पाहतो, गावकीचा शब्द पाहतो. सरकारचे आर्थिक धोरण म्हणून काही असते हे त्याच्या गावीही नसते. हे वाङ्मय आम्ही पुष्कळ वाचले आहे. त्यात आकडे भरपूर असतात, भाषाही अलीकडे चांगली चुरचुरीत झाली आहे. परंतु ज्याच्याविषयी हे सारे लिहिले जाते त्याच्या पायाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारलेला आढळतो. आमच्या मते ह्या टीकावाङ्मयाचा मूळ दोष तो हाच.

उदाहरणादाखल मुरूड तालुक्यातील आगरदांडा घेऊ. राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर हे गाव, समोर दक्षिण तीरावर दिघी, आणि मधून माणसे व मोटारी वाहून नेणारी फेरीबोट. 1948 पर्यंत येथे जंजिऱ्याच्या नबाबाचा अंमल होता. विलीनीकरणानंतर मुंबई राज्याचे कायदे आले आणि पाठोपाठ मतपेटी आली. ज्या कुलाबा जिल्ह्यात हे गाव समाविष्ट झाले, त्या जिल्ह्याला 1981 पासून आपण रायगड म्हणतो.

हा जिल्हा देवभोळा, सणावारांचा आणि पालख्यांचा. तरीही शेतकरी कामगार पक्षाचा तो अनेक दशके बालेकिल्ला होता. ह्याच पक्षाने 1950 साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे आपला सुप्रसिद्ध प्रबंध संमत करून मार्क्सवाद-लेनिनवादाचा उघड अंगीकार केला होता. सकाळी लाल बावट्याच्या सभेस आणि रात्री ग्रामदेवतेच्या पालखीस जाणारा हा मतदार पाहून आमचे टीकाकार गोंधळतात, आणि मग ‘त्याला प्रबंध कळला नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. प्रबंध त्याने वाचला नव्हता हे आम्हांसही मान्य आहे. पण त्याला तो वाचण्याची गरज काय होती? दाभाडीच्या कितीतरी आधी, 1933 पासून 1939 पर्यंत, अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले होते. सहा वर्षे शेते ओस ठेवणे म्हणजे सहा वर्षे उपास पत्करणे होय. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1948 चा कुळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा हे त्यानंतरचे टप्पे. ज्या माणसाने आर्थिक धोरण रिकाम्या पोटी शिकले त्याला ते कळत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. त्याने पक्षाला दिलेले मत ही विचारसरणीची दीक्षा नव्हती. जमिनीच्या व्यवहाराची ती पोचपावती होती.

1952 साली कुलाब्याने लोकसभेवर चिंतामणराव देशमुख यांना पाठविले. जिल्ह्याचेच सुपुत्र, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि त्या वेळी देशाचे अर्थमंत्री! मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये मंत्रिपद सोडले, आणि 1957 मध्ये ही जागा शेतकरी कामगार पक्षाच्या राजाराम राऊतांकडे गेली. हा भावनेचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि संयुक्त महाराष्ट्राची लाट खरोखरच मोठी होती. परंतु त्याच वर्षी 1 एप्रिलला, मतदान होऊन फार दिवस लोटले नव्हते तोच, कायद्याने कुळ हे जमिनीचे मालक मानले जाणार होते, ही गोष्ट कोणी जोडीने सांगत नाही. पुढे 1984 साली सारा देश एका बाजूस वाहत असताना ह्या मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाच्या दिनकर पाटलांना निवडून दिले.

मग हा किल्ला ढासळला कसा? 2019 आणि 2024 ह्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत रायगड जिल्ह्यात ह्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. 1998 व 1999 मध्ये त्याचे खासदार असलेल्या रामशेठ ठाकुरांचे घराणे आज भारतीय जनता पक्षात आहे. मतदार उजवीकडे वळला, असे सांगण्यात येते. आम्हांस तो वळलेला दिसत नाही. कुळ होते तोवर त्याचा प्रश्न मालकीचा होता. मालक झाल्यावर तो किमतीचा झाला. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर सरकारने सार्वमत घेतले, तेव्हा गावांचा कल विरोधाकडे होता हे उघड झाले. त्याच सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी जागा विकल्या जात होत्या. ह्यात विसंगती नाही. एका ठिकाणी भाव दुसरा ठरविणार होता, दुसऱ्या ठिकाणी तो स्वतः ठरवीत होता.

येथवर आमचे म्हणणे सरळ चालते. पण अंतुले आले की ते अडखळते. 1989, 1991, 1996 आणि 2004 असे चार वेळा ह्या जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. बहुसंख्य हिंदूंच्या मतदारसंघाने मुसलमान उमेदवाराला वारंवार कौल द्यावा, ह्याचे उत्तर जात मोजणाऱ्या लेखकांकडे तर नाहीच, पण केवळ जमीन मोजणाऱ्या आमच्याकडेही पुरतेपणी नाही. एक धागा मात्र दिसतो. मुख्यमंत्री असताना अंतुल्यांनी 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. विधवा, अपंग, निराधार, म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांचे नाव बहुधा नसतेच, त्यांच्यापर्यंत सरकारचा पैसा जाऊ लागला.

कारण कुळकायद्याने सगळेच मालक झाले नाहीत. खाडीवरच्या कोळ्याला समुद्राचा सातबारा कोण देणार? डोंगराच्या कडेची कातकरी वाडी तर पुष्कळदा दुसऱ्याच्याच जागेत उभी असते, आणि तिच्यातली माणसे हंगामात वीटभट्टीवर गेलेली असतात. चरीचा संप, दाभाडीचा प्रबंध, पेणचे सार्वमत, सगळे ज्याच्याजवळ जमीन आहे किंवा जो ती कसतो त्याच्याविषयीचे. दिघी बंदराच्या योजनेत आगरदांड्याचा किनाराही येतो. बंदर उभारणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली, 2021 साली अदानी समूहाने ती विकत घेतली, आणि 2024 मध्ये केंद्राने दिघीच्या औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. ह्या सर्व उलाढालीत जाळे टाकणाऱ्याने कोणत्या धोरणाला मत द्यावयाचे होते?

2024 च्या निवडणुकीपूर्वी ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले. ते खाते तेव्हा खाडीपलीकडच्या श्रीवर्धनच्या आमदार आदिती तटकरे यांच्याकडे होते. आमच्या लेखकवर्गाने ह्यास लाच म्हटले. निवडणुकीच्या तोंडावर योजना आली ह्याविषयी वाद नाही, आणि तिजोरीची चिंताही खोटी नाही. परंतु मतदार आर्थिक धोरण पाहत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनीच, कोळणीने ते पाहिल्यावर तिला लोभी ठरवावे, हे आम्हांस पटत नाही. पुढे प्रचारात एका आघाडीने 2100 रुपये देऊ म्हटले, दुसरीने 3000. त्या बोलीवर हसणाऱ्या लेखांत, तिच्या घरात सातबारा न मागता आलेली रक्कम ह्यापूर्वी कधी आली होती काय, एवढे विचारलेले आम्हांस पाहावयाचे आहे.