‘लिंकर्स अँड लोडर्स’ : एक चिकित्सक परिचय

जॉन डोनोव्हन यांच्या १९७२ च्या ‘सिस्टम्स प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा भारतीय अभ्यासक्रमांवर दीर्घकाळ प्रभाव राहिला. आयबीएम ३६० या यंत्राच्या आधारे मांडलेले असेंब्लरचे दोन पास, लोडरचे प्रकार आणि ईएसडी, टीएक्सटी, आरएलडी ही कार्डे विद्यार्थी पाठ करतात. पण आरएलडी कार्ड मुळात हवेच कशाला, हे त्यांना सांगता येतेच असे नाही.

१९९९ साली प्रसिद्ध झालेला जॉन लेव्हिन यांचा ‘लिंकर्स अँड लोडर्स’ नेमकी हीच उणीव भरून काढतो. नावाला पत्ता केव्हा मिळतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. असेंब्लर प्रत्येक फाइलमधील पत्ते स्वतंत्रपणे, बहुधा शून्यापासून, मोजतो. दुसरीकडे असलेल्या ‘प्रिंटएफ’ला बोलावणारी सूचना आली की तो पत्त्याची जागा मोकळी ठेवतो आणि ‘येथे अमुक नावाचा पत्ता भरावा’ अशी नोंद ऑब्जेक्ट फाइलमध्ये करतो. लिंकर फाइली जोडून पत्ते निश्चित करतो व नोंदींबरहुकूम जागा भरतो. लोडर प्रोग्रॅम मेमरीत आणतो. आरएलडी कार्ड ही अशीच नोंद होय.

असेंब्लर, मग लिंकर, मग लोडर हा पाठ्यपुस्तकी क्रम इतिहासाचा नव्हे, हेही लेव्हिन दाखवतात. टेपवरील संग्रहातून निवडलेले उपप्रोग्रॅम नव्या पत्त्यांवर बसवण्याची गरज जॉन मॉकली यांनी १९४७ मध्येच मांडली होती, असेंब्लर त्यानंतरचे.

ग्रंथाचा सर्वांत सकस भाग डायनॅमिक लिंकिंगचा. ईएल्फ पद्धतीत ग्रंथालयातील फंक्शनचा पत्ता पहिल्यांदा बोलावणे येईपर्यंत न शोधण्याची सोय आहे. तेव्हा तो शोधून तक्त्यात लिहिला जातो आणि पुढची बोलावणी तक्त्यावरून थेट जातात. जोडणीचे काम असे प्रोग्रॅम चालू असताना होऊ लागले, की लिंकर आणि लोडर यांतील सीमारेषा पुसट होते. ‘फरक स्पष्ट करा’ या परीक्षेतील ठरीव प्रश्नाला हा मोठाच धक्का आहे.

मर्यादा मात्र नोंदवायला हव्यात. कोठेही ठेवता येणाऱ्या कोडकडे लेव्हिन मुख्यत्वे एकच प्रत अनेक प्रोग्रॅमांत वाटून घेण्याची सोय म्हणून पाहतात. २००१ मध्ये लिनक्ससाठी पॅक्स प्रकल्पाने पत्ते यादृच्छिक ठेवण्याचे तंत्र आणले, तेव्हापासून असे कोड हल्ल्यांपासून संरक्षणाचेही साधन ठरले. ही बाजू अध्यापकालाच शिकवावी लागेल. पर्लमध्ये टप्प्याटप्प्याने लहान लिंकर रचण्याचा ग्रंथातील स्वाध्याय उत्तम आहे. पर्ल आजच्या विद्यार्थ्याला परकी वाटत असल्यास तो पायथनमध्ये करवून घेण्यास काहीच अडचण नाही.