‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय?

जुने ग्रामोफोन जमवणारे आणि दुरुस्त करणारे लोक एक शब्द फार वापरतात: ‘ओरिजिनल’. स्क्रू ओरिजिनल, पॉलिश ओरिजिनल. माझा आक्षेप या शब्दाच्या वापराला आहे.

चावीच्या ग्रामोफोनमध्ये काय असतं, बघा. स्प्रिंग असते, तिचा वेग आवरणारा गव्हर्नर असतो, साउंडबॉक्समध्ये बहुधा अभ्रकाचा पडदा असतो. पडद्याभोवतीचं रबर जुनं झालं की कडक होतं, आवाज चिरकतो. ते रबर बदललं तर यंत्र अस्सल राहिलं का? ग्रीकांनी थिसियसच्या जहाजाबद्दल हाच प्रश्न विचारला होता: एकेक फळी बदलत गेलो, तर जहाज तेच का? जहाजाचं राहू द्या. ग्रामोफोनला एक काम नेमून दिलेलं आहे; त्यावरूनच त्याची परीक्षा करायची.

रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे फिरायला हवी. गव्हर्नर बिघडून ती ७४ वर आली, तर काळी चारमधलं गाणं जवळजवळ पांढरी पाचमध्ये उतरतं. म्हणजे कर्णा लखलखीत, स्प्रिंग मूळची, आणि गाणाऱ्या बाईंचा गळा मात्र भलताच! याला अस्सल म्हणायचं?

बरं, यंत्र चालू केलं की संपलं, असंही नाही. पोलादी सुईवर जड साउंडबॉक्सचा भार असतो. ती दर खेपेला लाखेच्या रेकॉर्डची खाच झिजवते. म्हणून दुर्मिळ रेकॉर्ड पाहुण्यांना दाखवायला चावीच्या यंत्रावर लावू नये. तिच्यासाठी हलक्या आर्मचा आजचा टर्नटेबल आणि ७८ची रुंद सुई हवी.

कोल्हापूरकरांसाठी ही नुसती हौस नाही. शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँसाहेब यांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याजवळ नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या रेकॉर्डी आहेत, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. तेवढ्याही झिजवल्या, तर उरणार काय?

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली. पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि आवरणावर रेकॉर्ड किती वेगानं फिरवायची, ते चित्रानं कोरलं. पेटी नाही, कर्णा नाही. वेग मात्र दिला. तेव्हा कुणी तुम्हाला ‘ओरिजिनल’ ग्रामोफोन दाखवला, तर पॉलिशचं कौतुक नंतर करा. आधी विचारा, फेरे किती होतात?