पाळी सुटल्यानंतरचा माणूस

एम.ए.ला लावलेली नाटकं-कादंबऱ्या मी बहुतेक जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बसून वाचली. एक ट्रक काट्यावरून उतरला आणि दुसरा यायचा आहे, तेवढ्या वेळात. जागेचा गुण असेल, पण एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच: मराठी नाटकात यंत्र येतं ते बंद पडल्यावर.

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. १९८५ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक आम्ही ओळ न् ओळ शिकलो. धरणगावकर देशपांड्यांच्या अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे, येता-जाता माणसाला त्याची ठेच लागते. त्या एका ट्रॅक्टरवर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न येतो, आणि तो यावाच. नाटक उतरती कळा लागलेल्या घराचं आहे, त्यामुळे इथे माझी तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

‘सखाराम बाइंडर’. धंदा थेट नावात. पण तेंडुलकरांचा सखाराम आपल्याला भेटतो तो छापखान्यातून घरी आल्यावर. तो पितो, मृदंग वाजवतो, बाई आणतो, बाई हाकलतो. त्या हातांनी दिवसभर किती फर्मे शिवले, मालकानं कसं बोलावलं, रोज किती पडला, यातलं नाटकाला फारसं नको असतं. १९७२ साली या नाटकावरून एवढं रान उठलं, खटला झाला; सगळी चर्चा लैंगिकतेची आणि हिंसेची. सखारामच्या त्या राकटपणात कामाचा वाटा किती, हे आमच्या वर्गातही कुणी विचारलं नाही. मला ते नाटक आजही जबरदस्त वाटतं. फक्त तो बाइंडर असण्याऐवजी सुतार असता तरी नाटकाचं काय अडलं असतं, एवढंच विचारतो.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ची गोष्ट निराळी. १९९७चं हे नाटक १९८२च्या गिरणी संपाच्या राखेवर उभं आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. पवार स्वतः गिरणगावातले. चाळीतल्या एका खोलीत त्यांनी आई आणि तिची मोठी झालेली मुलं कोंडली: एक लेखक व्हायला निघालेला, एक क्रिकेटच्या नादात, एक टोळीत शिरलेला. गिरणी कुठेच दिसत नाही, आणि तिचं न दिसणं हीच तिथली ताकद आहे. मराठीत कामगाराच्या घरावर इतकं निर्दय आणि इतकं मायाळू नाटक दुसरं मी वाचलेलं नाही. तरीही हे गिरणी गेल्यानंतरचं नाटक. चालत्या गिरणीचं नाटक कुठे आहे?

कवितेनं हे काम केलं, नारायण सुर्व्यांनी केलं. गद्यातही अगदी शुकशुकाट नाही. मामा वरेरकरांनी स्वातंत्र्याच्या आधीच ‘धावता धोटा’त गिरणीकडे मोर्चा वळवला होता. भाऊ पाध्ये कामगार चळवळीत वावरलेले. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ त्यातूनच आली. पण अभ्यासक्रमात पाध्ये म्हटलं की ‘वासूनाका’, आणि वरेरकर म्हटलं की इतिहासाच्या पेपरातली एक टीप.

मला खरा धडा दिला तो रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’नं. १९७१ची, मराठवाड्याच्या बोलीत सांगितलेली छोटीशी कादंबरी. गंगाराम शिंपी आहे आणि गोष्ट सांगते त्याची बायको पार्वती. इथे शिलाईचा धंदा शोभेला ठेवलेला नाही. गाव कुणाकडे कपडे टाकतं, कुणाकडून काढून घेतं, यावरच घर उभं राहतं आणि कोसळतं. धंद्यातून माणसाचा ताठा येतो, ताठ्यातून वैर. धंदा काढून घेतला तर कादंबरीच उरत नाही. ग्रामीण कादंबरी शेतीबद्दलही हे करते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ शिकून-सवरून बेकार, पायात शेती अडकलेली, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो धडा म्हणून वाचलाच नाही, घरची हकीकत म्हणून वाचला. म्हणजे श्रमाचं बारीक वर्णन मराठीला जमत नाही असं नाही. ते गावच्या शिवेपाशी थांबतं.

आणि शिवेच्या अलीकडे काय आहे? भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, त्यातून बिलेट, बिलेटमधून सळई. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये रोलमधून सुटलेली लालभडक सळी सांडशीनं धरायची, अंगाच्या बाजूनं वळवायची आणि पुढच्या घरात घालायची. ती पकडणारा सळीकडे कमी आणि समोरच्या गड्याच्या खांद्याकडे जास्त बघतो. खांदा हलला की आपला हात हलला पाहिजे. दोघांचं बाहेर पटत नसलं तरी आत हे चुकवून चालत नाही. यात नाटक नाही असं कोण म्हणेल? पण त्या दोघांतला एक बिहारचा आणि एक परतूरकडचा, दोघं ठेकेदाराच्या हजेरीवर, आणि बोलणं ‘भाई, सरक ना बे, माल आला’ या थाटाचं. मराठी संवाद लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. गिरणगावातला कामगार मालवणी बोलत होता, साताऱ्याकडची बोली बोलत होता. तो लेखकाच्या नात्यागोत्यातला होता. चंदनझिऱ्याकडे खोली करून राहणारा हा माणूस मराठी लेखकाच्या नात्यातला नाही.

आमच्याच जिल्ह्यानं दाखवलेली वाट अभ्यासक्रमात नव्हती. घनसावंगी तालुक्यातलं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या गावकऱ्यांना घेऊन अतुल पेठे यांनी माहितीच्या अधिकारावरचं ‘दलपतसिंग येती गावा’ बसवलं. पुढे जांबच्याच राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं; संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. २०१२ साली ते आलं आणि शेतात राबणारी पोरं मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत उभी राहिली. महाराजांचे विचार न्यायला आलेला यम हातात टोप घेऊन योग्य डोकं शोधत फिरतो, ही कल्पनाच फक्कड. शेवटाकडचा सवाल-जवाब मला लांबलेला वाटतो. तिथे पात्रं मागे पडतात आणि मुद्दे पुढे येतात. पण त्या पोरांच्या तोंडची भाषा कुठेही शिकवलेली वाटत नाही, म्हणून लांबलेलंही खपून जातं.

ते नाटक जातीपर्यंत गेलं, जयंतीच्या मांडवात शिरलं. एमआयडीसीत आलं नाही. इथे येणं अवघडच आहे: गेटवर नोंद, आत फोटोला मनाई, आणि रंगमंचावर भट्टी मांडायची कशी हा नेपथ्यकाराचा रास्त प्रश्न. माझं उत्तर असं की भट्टी मांडूच नका. समोरासमोर दोन माणसं, दोन सांडशा आणि प्रेक्षकाला न दिसणारी सळी, एवढ्यावर एकांकिका उभी राहते. हिंदी-मराठी सरमिसळ तशीच ठेवा, परीक्षक नाक मुरडतील ते मुरडू द्या. लिहिणारा मात्र एक आख्खी रात्रपाळी आत उभा राहिलेला हवा. वजनकाट्याच्या खिडकीतून दिसतं तेवढ्यावर भागणार नाही.