विरहाची मुदत : दूरस्थ कुटुंब आणि मराठी समीक्षेची एक अडचण

मराठी समीक्षेत 'स्थलांतर' आणि 'परदेशवास' हे दोन वेगळे कप्पे मानण्याची सवय रूढ झाली आहे. गिरणगावात आलेल्या माणसाविषयीचे लेखन ग्रामीण, दलित किंवा कामगार साहित्याच्या चर्चेत येते. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाचे लेखन 'डायस्पोरा' या संज्ञेखाली वाचले जाते. ही विभागणी पारपत्राच्या आधारे झाली आहे, अनुभवाच्या घडणीच्या आधारे नव्हे. पोलादपूर तालुक्याच्या डोंगरभागातील कुडपणसारख्या गावाकडून पाहू लागलो की ती टिकत नाही. पावसावरचे भात आणि उतारावरची नाचणी-वरी एवढ्यावर जिथे वर्ष निघत नाही, तिथे घरातील एकाने दूर राहून कमावणे हा अपवाद नसून कुटुंबरचनेचाच भाग असतो. तो माणूस लालबागच्या खोलीत आहे, जहाजावर आहे की आखातात आहे, याने अंतर बदलते. मागे राहिलेल्या घराचे व्याकरण फारसे बदलत नाही.

हे व्याकरण कोणते, हा खरा प्रश्न आहे. आपल्या काव्यशास्त्राने त्याची दखल फार पूर्वी घेतली. भरताने सांगितलेल्या आठ नायिकांमध्ये प्रोषितभर्तृका आहे. हालाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे याच भूमीच्या महाराष्ट्री प्राकृतात, पथिक आणि त्याची पत्नी वारंवार भेटतात. या परंपरेतील विरहाला एक गोष्ट नेहमी असते, ती म्हणजे मुदत. 'मेघदूता'तील यक्षाचा शाप एका वर्षाचा आहे आणि काव्य घडते तेव्हा त्यातील चारच महिने उरले आहेत. यक्षपत्नी उंबरठ्यावर फुले मांडून दिवस मोजते. गाथेतील एक स्त्री पती गेल्याच्या पहिल्याच दिवशी भिंत रेघांनी भरून टाकते. दोघीही मोजतात, कारण मोजण्यासारखे काही आहे. गाथेतील पथिकाने पावसाळ्यापूर्वी परतावे असा संकेत आहे. तो परतला नाही तर दोष देण्यासाठी मेघ आहे, वाट आहे, त्याचे निष्ठुर मन आहे.

पोटासाठी दूर गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही आधार नाहीसे होतात. इथे शाप नाही, पगार आहे. ज्या कारणाने माणूस दूर आहे, त्याच कारणाने घरात चूल पेटते. म्हणून त्या कारणाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याची सोय विरहिणीला राहत नाही. होळी-गणपतीला रजा मिळते, पण रजा म्हणजे परतणे नव्हे. परतण्याचा दिवस ठरलेला नाही, आणि तो ठरू नये अशीच घराच्या हिताची मागणी असते. हा विरोध पेलणारा आकृतिबंध मराठीने कितपत घडवला?

प्रवासवर्णनाने तो घडवला नाही, हे लगेच सांगून टाकता येईल. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पासून चालत आलेल्या प्रकाराची प्रसन्नता परतीच्या तिकिटावर उभी आहे. मुदत ठरलेली असली की दूरदेश ही करमणूक ठरू शकते. अमेरिकेत राहणाऱ्या शोभा चित्रे यांच्या 'गोठलेल्या वाटा'सारख्या लेखनात ते तिकीट नाही, आणि सूर तेथेच बदलतो. पण तिथेही बोलणारा आवाज गेलेल्याचा आहे. सलमान रश्दी यांनी १९८२ च्या आपल्या निबंधात दूर गेलेला लेखक काल्पनिक मायभूमी रचतो असे म्हटले, आणि पुढच्या दोन दशकांत आपल्या विद्यापीठांतून हे सूत्र सर्वत्र लावले गेले. कुडपणच्या माणसाला ते लावून पाहावे. त्याचे गाव काल्पनिक नाही. तिथे त्याची घरपट्टी आहे, सातबाऱ्यावर हिस्सा आहे, गावकीची वर्गणी आहे. त्या वर्गणीचा हिशेब आठवणींच्या हिशेबापेक्षा कडक असतो.

या संदर्भात अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिचा उल्लेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे गीत म्हणून होतो, आणि प्रचारगीत म्हटले की समीक्षेचे काम संपले असे आपण समजतो. वास्तविक अण्णा भाऊंनी इथे एक अवघड काव्यशास्त्रीय निर्णय घेतला आहे. मैनेचे रूपवर्णन, निरोप आणि मुंबईची विषमता येथपर्यंत लावणीचा नेहमीचा विरह चालतो. मग बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे येतात आणि एका घराची ताटातूट एका भाषेच्या प्रदेशाची ताटातूट होते. ज्या विरहाला मुदत नव्हती, त्याला शाहिराने राजकीय मुदत मिळवून दिली: लढा जिंकला की भेट. पुढे १ मे १९६० रोजी राज्य झाले, मुंबई मिळाली; पण सीमेवरची ती गावे बाहेरच राहिली, आणि मुंबई महाराष्ट्राची झाली म्हणून मैना गावावरून मुंबईस आली असेही झाले नाही. रूपकाचा एक पाय इतिहासात अडकून पडला. या अपुरेपणामुळे ती रचना मला तिच्या समकालीन गीतांपेक्षा खरी वाटते. तिची मर्यादा मात्र वेगळ्या जागी आहे. मैना संपूर्ण रचनेत एकदाही स्वतः बोलत नाही.

परतणे म्हणजे काय, याचे उत्तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने दिले. माणसे गावी आली, पण ती परत आली असे कोणी म्हणाले नाही, ती 'बसली'. आखाताने दुसरे उत्तर दिले. १९७३ नंतरच्या तेलाच्या तेजीत महाड-म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातील अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांतून माणसे तिकडे गेली. तेथे मुदत पुन्हा आली, कारण करार ठरावीक वर्षांचा आणि व्हिसा मालकाशी बांधलेला. यक्षाच्या वर्षाशी याचे वरवरचे साम्य आहे, पण शापाची मुदत संपणे ही सुटका होती. कराराची मुदत संपणे हे संकट असते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तरी या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणारे मराठी लेखन माझ्या वाचनात अगदी थोडे आले आहे.

जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' नाटकाला जे प्रेम मिळाले, त्यामागे एक वर्गीय आश्चर्य होते असे मला वाटते. मुलगा अमेरिकेत, आईवडील दाराकडे कान लावून: मध्यमवर्गीय प्रेक्षकाला हे नवे दुःख वाटले. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना ते नवे नव्हते. त्यांच्याकडे दळवी नव्हते, इतकेच. त्यांच्या वाट्याला साहित्यप्रकार म्हणून मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी असलेली निरोपाची अरुंद पट्टी होती, आणि तीही बहुधा दुसऱ्याकडून लिहून व वाचून घेतलेली.

मागे राहिलेल्या स्त्रीचा स्वतःचा शब्द शोधायचा तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतला मोठा भाग घाटावरचा आहे, हे ध्यानात ठेवूनही कोकणच्या डोंगरपट्टीविषयी त्या काही शिकवतात. आपण प्रोषितभर्तृकेच्या अपेक्षेने तिथे जातो आणि भेटतात आई, भाऊ, लेक. दूरचा जिव्हाळा म्हणून जे गायले जाते ते बहुतांशी माहेर असते. याला केवळ पतीविषयीचा संकोच म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण ओवी आपला प्रश्नच दुरुस्त करते आहे. जिला आपण 'मागे राहिलेली' म्हणतो, ती स्वतः दुसऱ्या गावाहून आलेली आहे. तिचे स्थलांतर आधी झाले, परतीच्या मुदतीशिवाय झाले, आणि त्याला कोणी स्थलांतर म्हटले नाही. पती मुंबईस वा मस्कतला गेला तेव्हा अंतर हा अनुभव तिच्या घरात प्रथमच आला असे नाही. गेलेला आणि राहिलेली या जोडीवर उभी असलेली आपली सगळी मांडणी इथे डळमळते.

तिचा दुसरा खांब म्हणजे घर जागेवर असते हे गृहीत. अलका जागेवर आहे म्हणून मेघाला वाट सांगता येते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसे गेली, आणि कामासाठी गावाबाहेर असलेल्यांपैकी काहींना परतल्यावर घर नव्हते, वाट पाहणारेही नव्हते. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. दूर गेलेल्याची काळजी मागे राहिलेल्याने करायची, हा विरहकाव्याचा हजार-दोन हजार वर्षांचा क्रम तिथे उलटा झाला. आता कुडपणच्या दिशेने लागलेल्या फोनवर पहिला प्रश्न पावसाचा असतो, आणि तो विचारणारा दूरचा असतो.