वाक्याची लांबी आणि वाचकाचे श्रम

मराठी लेखकास हल्लीं जो तो एकच उपदेश करितो : वाक्यें आंखूड लिहा. हा उपदेश आम्हांस अर्धवट वाटतो. पुढील दोन वाक्यें वाचकांनीं ताडून पाहावीं. 'सदूनें गोपाळानें यमूनें मागितलेलें आणलेलें पुस्तक फाडलें.' 'यमूनें जें पुस्तक मागितलें, तें गोपाळानें आणलें आणि सदूनें फाडलें.' पहिल्यांत शब्द ७, दुसऱ्यांत १०. तरी दुसरें लहान मुलासही समजेल, आणि पहिल्यापाशीं पंडितही दोनदां थांबेल. व्याकरणाचा दोष मात्र त्यांत त्याला दाखवितां यावयाचा नाहीं.

असलीं एकाच्या पोटांत दुसरें शिरलेलीं वाक्यें शुद्ध असूनही स्मरणशक्तीस पेलत नाहींत, हें नोअम चॉम्स्की व जॉर्ज मिलर यांनीं १९६३ सालींच मांडलें होतें. वरील वाक्यांत एका कर्त्याचें क्रियापद येण्यापूर्वींच दुसरा कर्ता येतो, त्याचें भागण्यापूर्वीं तिसरा. आणि तिघांच्याही अंगावर तोच 'नें' प्रत्यय! एकाच पोषाखाच्या माणसांतून हवा तो हुडकावा, तशी मेंदूची गत होते. आमची जुनी 'जो–तो' रचना प्रत्येक देणें जागच्या जागीं फेडून पुढें जाते.

यावर कोणी म्हणेल, मराठींत क्रियापदच शेवटीं. तेव्हां मराठी वाचक सदाच ताटकळत असावयाचा. पण तसें नाहीं. जर्मन भाषेंतही कित्येक वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें. तेथें लार्स कोनिएच्नी यांस २००० सालीं असें आढळलें कीं, क्रियापदाआधीं मजकूर अधिक असला तर तें उलट लवकर वाचून होतें. आधींच्या शब्दांवरून वाचक पुढील क्रियापद अटकळीत असतो. अटकळ फसली म्हणजे श्रम पडतात. घडण मोडणारा शब्द येतांच सुमारें ६०० मिलिसेकंदांनीं मेंदूच्या विद्युत्-आलेखांत एक लाट उठते, असें ऑस्टरहाउट व हॉलकम यांनीं १९९२ सालीं नोंदविलें.

१८७४ त निघालेल्या 'निबंधमाले'च्या लांब वाक्यांस इंग्रजी वळणाचीं म्हणून नांवें ठेवण्याची चाल आहे. आम्हांस तीं वाचतांना क्वचितच मागें फिरावें लागतें. सरकारी परिपत्रकांत मात्र कर्ता पहिल्या ओळींत व क्रियापद पांचव्या. मध्यें 'केलेल्या', 'असलेल्या', 'दिलेल्या' यांची रांग. तीच रांग आतां शाळेच्या पुस्तकांत शिरते आहे. तेथें 'जो–तो' गाळल्यानें वाक्य आंखूड दिसतें खरें. पण मूल अडलें, तर बोल मुलाच्या बुद्धीस लागतो.