मृत्युपत्राचा वाद आणि ‘नटसम्राट’मधील वाटणी

मृत्युपत्राच्या वैधतेवरून होणाऱ्या कौटुंबिक वादात ज्याच्या इच्छेविषयी तंटा असतो, तोच बोलण्यास हयात नसतो. म्हणून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार सर्वसाधारण मृत्युपत्रास किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. संशयास्पद परिस्थितीचे निरसन मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये स्पष्ट केले. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकात ही मांडणी नेमकी उलट आहे. अप्पासाहेब बेलवलकर हयातीतच सर्वस्व मुलांना वाटून देतात. मृत्युपत्र करणाऱ्याला ते बदलता वा रद्द करता येते. अप्पासाहेब ती मुभाच सोडून देतात. त्यांच्या दानाच्या वैधतेविषयी कोणीही शंका घेत नाही आणि शोकांतिकेची मेख येथेच आहे. त्यामुळे केवळ मुलांच्या कृतघ्नतेवर भर देणारे विवेचन अपुरे ठरते. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तेव्हा अप्पासाहेब स्वतःचे साक्षीदार म्हणून समोर उभे असतात. तरीही त्यांचा शब्द ग्राह्य धरला जात नाही. मृताची इच्छा सिद्ध करण्याची रीत कायद्याने घालून दिली आहे. जिवंत पित्याच्या शब्दाला घरात मोल राहील, याची हमी मात्र कोणताही दस्तऐवज देऊ शकत नाही.